दौलताबाद: किल्ला पाहून येतात सगळे, राजधानी राहून जाते

तिकीट २५ रुपये, १५ वर्षांखालच्या पोरांना फुकट. संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याने साधारण १५ किलोमीटर. एवढ्यात एक अख्खी राजधानी हिंडायला मिळते, त्यामुळे पैसे वसूल होतात का हा प्रश्नच नाही. तक्रार वेगळी आहे. इथे आलेला माणूस दारातून आत शिरला की मान वर करतो आणि थेट डोंगराकडे सुटतो. धापा टाकत माथ्याजवळचा बारादरी महाल गाठतो, फोटो काढतो, उतरतो आणि वेरूळची वाट धरतो. त्याचा किल्ला पाहून झालेला असतो. राजधानी मात्र त्याच्या दोन्ही हातांना, बाभळी आणि पडक्या जोत्यांमध्ये तशीच पडून राहते. फलक आहेत, पण ते एकेका इमारतीची ओळख सांगतात. इथे शहर कसं मांडलं होतं ते त्यावरून डोळ्यांपुढे उभं राहत नाही. म्हणून हे परीक्षण किल्ल्याचं कमी आणि राजधानीचं जास्त.

आधी एक गैरसमज काढू. तिकीटखिडकीपाशी दौलताबाद सुरू होत नाही, ते त्याच्या बरंच अलीकडे सुरू झालेलं असतं. सर्वांत बाहेरची तटबंदी अंबरकोट. तिच्या आत आज शेतं आहेत, गाव आहे आणि मधूनमधून एखादी मशीद किंवा थडगं. त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत कालाकोट, आणि मग खंदक आणि सुळका. बरेच जण अंबरकोटाच्या आतून गाडी पळवत येतात आणि ‘किल्ला अजून किती लांब’ असं विचारतात. येताना काच खाली करून दोन्ही बाजूंचे तट पाहत या.

१३४२च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. त्याने या शहराचे तीन भाग नोंदवलेत: सुलतान आणि त्याच्या फौजेसाठी राखलेलं दौलताबाद, दुसरं कटक आणि तिसरा देवगिरीचा गड. आजच्या पर्यटकाचा सगळा वेळ या तिसऱ्या भागात जातो. पहिले दोन भाग म्हणजे खरी राजधानी.

मुळात गाव यादवांचं. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचव्याने इथे राजधानी केली आणि पुढची शंभरेक वर्षं ती मराठी मुलखाची राजधानी राहिली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, १३१८च्या सुमारास यादवांचं राज्य संपलं. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली इथे राजधानी हलवायची ठरवली, म्हणजे तयार शहराला नवा आराखडा आणि नवं नाव दिलं. आपल्याकडे ‘तुघलकी कारभार’ हा शब्द तिथपासून शिवीसारखा वापरला जातो. जागेची निवड मात्र वेडेपणाची नव्हती. सल्तनत तेव्हा थेट मदुराईपर्यंत पोचली होती. सरदार गुर्शास्पने दक्षिणेत नुकतंच बंड केलं होतं. दिल्लीत बसून दक्षिण सांभाळता येत नव्हती, आणि नकाशावर देवगिरी बऱ्यापैकी मध्यावर येत होतं. पुढच्या काळात ब्राझीलने १९६० साली समुद्रकाठचं रिओ सोडून ब्राझिलियाला राजधानी नेली, नायजेरियाने १९९१ साली लागोस सोडून अबुजाला नेली. त्यामागेही असाच हिशोब होता, आणि त्यांना कुणी तुघलक म्हटलं नाही.

चूक झाली ती क्रमात. इंग्रजांनी नव्या दिल्लीची घोषणा १९११च्या डिसेंबरात केली आणि शहराचं उद्घाटन १९३१च्या फेब्रुवारीत, म्हणजे मध्ये १९ वर्षं गेली. कॅनबेराचा पाया १९१३ साली घातला आणि संसद तिथे भरली १९२७ साली. (तुघलकाच्या १३२७ला बरोबर ६०० वर्षं झाल्यावर.) आधी घर, मग बिऱ्हाड. इथे बिऱ्हाड आधी निघालं आणि घराचं काम चालूच राहिलं. शहर पुरं व्हायच्या आतच सुलतानाने ते सोडलं, असं त्या काळच्या अरबी वर्णनात आलं आहे.

त्या वर्णनातला आराखडा मात्र आजच्या नगररचनाकारालाही विचारात पाडेल असा आहे. अरबी लेखक अल-उमरीने दिल्लीहून आलेल्या लोकांना विचारून तो लिहून ठेवला. प्रत्येक वर्गाला वेगळा मोहल्ला: सैनिकांचा एक, वजीर आणि कारकुनांचा एक, काझी आणि विद्वानांचा एक, शेख-फकिरांचा एक, व्यापारी-कारागिरांचा एक. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमामखाना, पिठाची गिरणी, भट्ट्या आणि हरतऱ्हेचे कारागीर. एका मोहल्ल्याला कशासाठीही दुसऱ्याचं तोंड बघावं लागू नये, असा बेत. चंदीगडचे सेक्टर किंवा इस्लामाबादचे चौकोन ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. कागदावर आराखड्याला दहापैकी नऊ. एक कापला तो वर्गवार, धंदेवार वेगळं बसवण्याबद्दल. शहर माणसांच्या सरमिसळीने जगतं, कप्प्यांनी नाही.

‘अख्खी दिल्ली रिकामी केली, कुत्रं-मांजरही राहिलं नाही’ ही त्या काळच्या इतिहासकार बरनीची तक्रार शब्दशः घेऊ नका. दिल्ली परिसरात १३२७-२८चे संस्कृत शिलालेख सापडलेत आणि त्यांत शहराची भरभराट वर्णिली आहे. हलवले गेले ते मुख्यतः अमीर-उमराव, अंमलदार, उलेमा, सूफी आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे लोक. म्हणजे दरबार हलला, बाजार पूर्ण हलला नाही. हा फरक छोटा नाही. बाजाराशिवाय दरबार फार दिवस टिकत नाही, तो सरकारी तिजोरीवर ओझं होऊन बसतो.

आता मराठवाड्याच्या माणसाला सगळ्यात आधी पडणारा प्रश्न: पाणी. दिल्ली ते दौलताबाद ४० दिवसांची वाट, दोन्ही बाजूंना झाडं लावलेली, आणि या वाटेने सुलतानाच्या पिण्याचं पाणी गंगेवरून आणलं जाई, असं इब्न बतूता सांगतो. आपल्याकडे २०१६ साली लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा देशभर बातमी झाली. ही आयडिया जुनीच निघाली, फरक इतकाच की तेव्हाचा ‘टँकर’ एकाच माणसासाठी होता. बाकीच्या शहराची भिस्त डोंगरावरून उतरवलेल्या पाण्यावर, तलावांवर आणि विहिरींवर. पावसाचं साल चांगलं असेल तर यात भागतं. एका राजगावाचं भागेल, पण सल्तनतीच्या दरबाराची, फौजेची, हत्ती-घोड्यांची तहान यावर भागवायची म्हणजे सलग दोन दुष्काळ येऊ नयेत अशी प्रार्थना करत बसायचं. राजधानी म्हणून या जागेला पाण्याच्या खात्यात दहापैकी चार. तेही डोंगरावरून पाणी उतरवणाऱ्यांच्या कामाची कदर म्हणून.

हे काम पाहायचं असेल तर आत शिरल्यावर डाव्या हाताला हत्ती हौद आहे, तिथे थांबा. प्रत्येक बाजू १०० फुटांहून मोठी आणि तळापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. पाण्यात हत्ती बुडेल असा तो, म्हणून नाव तसं. बहुतेक वेळा तळाला हिरवट पाणी असतं किंवा कोरडा ठणठणीत. कठड्याशी उभं राहून पाणी कुठून आत येत असेल ते शोधा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथे उतरवलं जाई. पोरांना घेऊन गेलात तर या कडेला हात सोडू नका, पायऱ्या निसटत्या आहेत.

दरवाज्यापासून सुरुवात करू. पहिल्या दोन-तीन दारांत घाई करू नका. दारं एका रेषेत नाहीत, प्रत्येक दार वळून आहे. हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागाच मिळू नये हा हेतू. फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी खिळे आहेत, हात लावून बघा. मधल्या चौकात शत्रू अडकला की चारी बाजूंनी मारा. इथे तोफा मांडून ठेवल्यात, सगळे त्यांवर बसून फोटो काढतात. चालेल, पण पाहायची गोष्ट तोफ नाही, तो चौक आहे.

पुढच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरातत्त्व खात्याने जुन्या शहराचे रस्ते आणि गल्ल्या उघड्या केल्या आहेत. घराची जोती, ओसरीचे दगड, गल्लीचं वळण, सगळं कळतं. सकाळच्या तिरप्या उन्हात जोत्यांच्या सावल्या पडतात तेव्हा गल्लीची रेषा स्पष्ट दिसते, दुपारी बारा वाजता ढिगाऱ्याशिवाय काही दिसणार नाही. राजधानी म्हणून दौलताबादचं सगळ्यात महत्त्वाचं दालन हेच, आणि बहुतेकांची चप्पल इथे वळतच नाही.

उजव्या अंगाला चांद मिनार. तो तुघलकाचा नाही, बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. वर जायला बंदी आहे. समोरच्या मोठ्या सभामंडपाचे खांब जुन्या देवळांचे. खिलजीच्या काळात ही जामा मशीद होती, आणि हैदराबाद मुक्तीनंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली. एकाच मंडपात यादव, खिलजी आणि १९४८ नंतरचा काळ वाचायला मिळतो. इथे दहा मिनिटं बसणं परवडतं, कारण पुढे सावली कमी आहे. जवळच हमामखानाही आहे. अल-उमरीच्या मोहल्ल्यातल्या हमामाची कल्पना करायला तो बरा.

चढ खरा सुरू होतो चिनी महालापासून. निळ्या-पिवळ्या फरशांमुळे हे नाव. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने इथे कैदेत ठेवलं, आणि तो इथेच गेला. राजधानी म्हणून बांधलेल्या जागेचा तुरुंग झाला. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या बाजूला मेंढ्याचं डोकं. पंचधातूची ही तोफ सहज दुर्लक्षून पुढे जाऊ नका.

मग खंदक. डोंगराचा खालचा ५० मीटरचा भाग यादवांनी तासून उभा सपाट केला आहे. पालीलाही चढता येणार नाही असा. खडकातच खोदलेला खंदक, आणि जुना दगडी पूल असा खोलगट की खंदकात पाणी चढवलं की तो बुडून जाई. आज वरून लोखंडी पूल आहे, त्यावरून जाताना खाली वाकून जुना पूल नक्की बघा. देवगिरीच्या सगळ्या हुशारीचं सार त्या दोन पुलांच्या मधल्या अंतरात आहे.

पलीकडे ‘अंधारी’. डोंगरातून वर चढणारा वळणावळणाचा भुयारी जिना. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. एक, मोबाईलच्या दिव्यावर विसंबणं: चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून छोटा टॉर्च घ्या, शक्य तर कपाळावर बांधायचा. दोन, सपाट तळाची चप्पल: वटवाघळांच्या विष्ठेने पायऱ्या निसरड्या होतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. तीन, मागच्याने ढकलणं: सुट्टीच्या दिवशी वरून उतरणारे आणि खालून चढणारे मध्येच अडकतात, म्हणून सकाळी नऊच्या आत इथून पार व्हावं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी किंवा वासाने मळमळणाऱ्यांनी पुलापर्यंतच यावं, त्यात कमीपणा काही नाही. वरच्या तोंडाशी लोखंडी झडप असे, तिच्यावर निखारे पेटवले की धूर भुयारात कोंडायचा. आज धूर नाही, वास मात्र तोच असावा असं वाटतं. इब्न बतूताने इथल्या कोठड्यांतल्या उंदरांबद्दल लिहिलंय, मांजरांहून मोठे आणि मांजरं त्यांना घाबरून पळत. वटवाघळं त्या मानाने सोज्वळ.

एकूण पायऱ्या सुमारे ७५०. दोन-अडीच तास हातात ठेवा, माणशी दीड लिटर पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये दहानंतर चढूच नका. काळा दगड तापला की खालून आणि वरून दोन्हीकडून भाजतो. वाळल्या गवताचाही धोका आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये गडावर मोठा वणवा पेटला होता. विडी-सिगारेट खिशातच राहू द्या. आग्यामोहोळं असतात, तेव्हा वासाचा स्प्रे मारून येऊ नका आणि खाली हाका मारत बसू नका. वानरांपुढे कुरकुरे काढले की पिशवी गेलीच समजा.

वर बारादरी शहाजहानच्या काळातली. त्याच्याही वर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची समाधी आहे. ते इथले किल्लेदार होते. बारादरीच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहा, कारण चढाईचं खरं फळ हे दृश्य आहे. तिथून तिन्ही तट एकात एक दिसतात. बाहेरच्या तटाच्या आतली सगळी शेतं मनातल्या मनात घरांनी भरा. तेवढं शहर तुघलकाला भरायचं होतं.

आता सुरक्षिततेच्या खात्याचा हिशोब. हा गड कुणी भिंत चढून घेतलेला नाही. १२९६ साली रामदेवरायाची फौज बाहेर होती, आणि कोठारात धान्य समजून ठेवलेल्या गोण्या मिठाच्या निघाल्या, असं सांगतात. १६३३ साली मोगलांच्या महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, पण आतला गड पडला तो उपासमारीने, निजामशाहीच्या फतेहखानाने किल्ली दिली म्हणून. म्हणजे भिंतींना दहापैकी दहा, कोठारांना तीन. राजधानी खाऊन-पिऊन चालते, नुसत्या उंचीवर नाही. १३३५च्या आसपास मदुराई हातून गेली आणि लोकांना दिल्लीला परत जायची मुभा मिळाली. १३४७ साली याच दौलताबादेत बहमनी राज्याची घोषणा झाली, आणि त्या राजाने पहिलं काम केलं ते राजधानी गुलबर्ग्याला नेण्याचं. दक्षिण सांभाळायला निवडलेली जागा दक्षिण गमावण्याची जागा झाली.

एवढं पाहून जे लोक संभाजीनगरला परतून हॉटेलात जेवायला बसतात त्यांना मी म्हणेन, अजून एक तास काढा. कारण राजधानी कशी वसवायची याचं उत्तर त्याच शहरात आहे. १६०० साली अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी परांड्याला, मग इकडेतिकडे फिरत राहिली. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्याने आधी पाण्याचा विचार केला. उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या नहरीने उताराच्या जोरावर शहरात आणलं, मध्ये बंबे, म्हणजे पाण्याचे उंच मनोरे, उभारून दाब आवरला. ना पंप, ना डिझेल. पाणचक्कीची नहर नंतरची, पण तंत्र तेच: तिथे पाणी नुसतं पडत नाही, जातं फिरवतं. तिथे कारंजी पाहून परत फिरू नका, पाणी उंच भिंतीवरून कुठून येतं ते शोधा. आजच्या शहराला पैठणच्या नाथसागरातून पंप लावून पाणी चढवावं लागतं, ही तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही. दौलताबादला आराखडा छान आणि पाणी कमी, खडकीला पाणी आधी आणि शहर त्याच्या मागून. टिकलं कोण ते सांगायला नको.

तुघलकाची राजधानी टिकली नाही, पण तिच्याबरोबर आलेली माणसं इथेच राहिली. खुलदाबादच्या दर्ग्यांतले सूफी त्याच लोंढ्यातले. बुर्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी इथेच दफन आहेत. दौलताबाद-खुलदाबादच्या मध्ये कागजीपुरा आहे, तिथले कागद करणारेही राजधानीबरोबर आले असं सांगतात. हाताने कागद उचलण्याचं काम अजून पाहायला मिळतं: चिंध्यांचा लगदा, पाण्याच्या टाकीत बुडवलेली जाळी, वर उचलून थर सपाट करणं, मग वाळवणं आणि घोटणं. इथला कागद विकत घेताना तो उजेडासमोर धरून जाळीचे ठसे बघा. दप्तराशिवाय राजधानी चालत नाही, आणि दप्तराला कागद लागतो. राज्यं गेली तरी हा एक धंदा तगून राहिला.

जेवण शहरात. नान-खलियाही तुघलकाच्या फौजेबरोबर आला अशी आख्यायिका आहे. देगात शिजलेलं मटण आणि भट्टीतला पिवळसर नान, त्याला हळदीचा हात फिरवलेला असतो. गल्लीतल्या जुन्या दुकानात दुपारी बाराच्या सुमारास जा, तीननंतर देग रिकामा मिळतो. रश्शावर तेलाचा जाड थर दिसला तर वरचं बाजूला सारून मागा, चव त्याखाली आहे.

येण्या-जाण्याचं: मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळ आणि कन्नडकडच्या एसटी दौलताबादवरून जातात, शेअर जीपही मिळते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी दौलताबाद, कागजीपुरा आणि खुलदाबाद असा बेत बसतो. रविवारी जुन्या वेशीच्या अरुंद कमानीपाशी गाड्यांची कोंडी होते, तेव्हा परतताना चारच्या आत निघा. पावसाळा संपता संपता आलात तर परतीच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. गच्च मिटलेलं घेऊ नका, ज्याचे डोळे मोठे होऊन मधल्या भेगा पांढरट झाल्यात ते घ्या. एक-दोन दिवसांत घरी पिकतं.